नवसाची चड्डी

शनिवार, ९ ऑक्टोबर १९५४. सकाळी.

दसरा होऊन गेला. सायकलीच्या हँडलला झेंडूची माळ अजून आहे. आजपासून रोजनिशी. ही वही कुणाला दाखवायची नाही. माणसाने निदान स्वतःशी खरं बोलावं, एवढ्यासाठी लिहितो.

प्रथम हकीकत. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या बायकोला, गोदूला, विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप उतरेना. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मी देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो आणि पालीच्या गणपतीला बोललो, की हिला उठव. माघी चतुर्थीला बदलापुरापासून पालीपर्यंत सायकलीवर बसून तुझ्या दर्शनाला येईन, वाटेत दुसऱ्या वाहनाला शिवणार नाही. सायकल त्याच महिन्यात घेतली होती, म्हणून तोंडात तीच आली. गोदू उठली. तिला नवस कळला तेव्हा तीही बोलली, की यांचा नवस फिटेपर्यंत मी भाताला तोंड लावणार नाही.

त्यानंतर दोन माघी चतुर्थ्या गेल्या. पहिलीला सायकल नवी होती, एवढ्या खडीवर घालणं जिवावर आलं. दुसरीला थंडी फार होती. यंदा नक्की. पाली पन्नास मैल. साडेतीन महिने हातात आहेत.

भाताचं म्हणाल तर गोदूला नाचणीची भाकरी मानवते. माझ्यापुरता भात ती रोज शिजवते. मऊ आणि मोकळा. उद्यापासून सराव.

रविवार, १० ऑक्टोबर. दुपारी.

सराव केला. अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत जाऊन यायचं ठरवलं होतं. मोरिवलीच्या अलीकडे धोतराचा सोगा चेनमध्ये गेला. धोतर चेनमध्ये आणि मी रस्त्यात. एका बाईने तोंड फिरवलं, दुसरीने फिरवलं नाही. महादेवाला तिथूनच नमस्कार केला. देव सगळीकडे आहे.

महत्त्वाचा शोध लागला तो वेगळाच. येऊन-जाऊन सात मैल झाले नसतील, पण बैठक पार कामातून गेली. सायकलीची सीट पुढून टोकदार आणि मागून निर्दय. पन्नास मैलांची गोष्ट पायांची नाही, फुप्फुसांची नाही, बैठकीची आहे. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नसावं.

तेव्हा अर्धी चड्डी. आतून गादी शिवलेली.

बुधवार, १३ ऑक्टोबर.

तीन दिवस कारखान्यात उभ्याने हजेरी घेतली. मी टाइमकीपर. कामगार एकेक येतात, नंबर सांगतात. साहेब म्हणाले, वा, तुमच्यासारखी शिस्त पाहिजे. 

सायकल घरीच ठेवतो, कामावर गाडीने जातो. सायकल नवसापुरती राखलेली बरी.

रविवार, १७ ऑक्टोबर.

उल्हासनगरला जाऊन आलो. तीन नंबर कॅम्पात हासोमल नावाचा सिंधी शिंपी आहे. बॅरेकीच्या व्हरांड्यात मशिन टाकून बसतो. हात स्वच्छ. त्याला सगळी कल्पना दिली. म्हणाला, साईं, खडे रहने की पँट बहोत सिली, बैठने की पँट आज तक किसी ने नहीं मांगी. मी म्हटलं, म्हणूनच तुझ्याकडे आलो.

त्याने उभ्याने माप घेतलं. मी म्हटलं, बसलेल्या माणसाचं माप वेगळं असतं. मग मला स्टुलावर बसवून, पुढे वाकवून, हात हँडलसारखे धरायला लावून पुन्हा घेतलं. व्हरांड्यात बरीच मंडळी जमली. एक म्हातारी सिंधीण हासोमलला काहीतरी विचारत होती. त्याने सांगितल्यावर तिने माझ्याकडे पाहून दोन्ही हात जोडले. भाविक समाज आहे.

हासोमल माप लिहिता लिहिता म्हणाला, कराचीहून बोटीने आलो, तीन दिवस ह्याच मशिनच्या लाकडी पेटीवर बसून. गद्दी किसने दी? मी त्याला समजावलं, की बोटीला पायडल नसतं. त्याला पटलं असावं. फीत गुंडाळून ठेवली.

गादी कापसाची ठरली.

शनिवार, ३० ऑक्टोबर.

दिवाळी झाली. पहिल्या दिवशी पोहे पाच तऱ्हांचे: दह्याचे, दुधाचे, गुळाचे, तिखट, फोडणीचे. गोदूने केले आणि वाढले. मी म्हटलं, थोडे घे. म्हणाली, पोहे कशाचे असतात? मी म्हटलं, तांदळाचे, पण भात नव्हे. नवस भाताचा होता, असं मी तिला नीट फोड करून सांगितलं. म्हणाली, देवापुढे वकिली मला येत नाही. आणि नाचणीची भाकरी कुस्करून दुधात घालून बसली. सणाच्या दिवशी हट्ट. असो.

चड्डी आली आहे. खाकी, गुडघ्यापर्यंत, मागे चार बोटं जाड कापूस. घालून आरशापुढे उभा राहिलो. भारदस्त दिसते. गोदू म्हणाली, गादी पाठीमागे बांधलीत, आता उशी कुठे बांधणार?

रविवार, ७ नोव्हेंबर.

जांभूळ गावापर्यंत सराव. पहिला मैल स्वर्ग. दुसऱ्या मैलाला कापूस सरकू लागला. तिसऱ्याला त्याचे गोळे झाले, आणि सगळे गोळे डावीकडे गेले. उजवीकडे नुसतं कापड. त्यामुळे मी तिरपा बसलो, आणि तिरपा बसल्यामुळे सायकल सारखी उजव्या खड्ड्याकडे ओढू लागली. जांभळाच्या वेशीवर पाणी प्यायला उतरलो तेव्हा एका पोराने आईला विचारलं, या काकांना गळू झालंय का?

परत येताना सायकल हातात धरून आलो. चालण्याचाही सराव हवाच.

वाटेत सुकऱ्या भेटला. वांगणीकडच्या डोंगराखालच्या वाडीतला ठाकर. रोज पहाटे दुधाच्या दोन कॅन लावून सायकलीने बदलापुरास येतो, आमच्या घरीही दूध घालतो. त्याच्या सायकलीला सीट नाही. नुसता दांडा, त्यावर गोणपाटाची गुंडाळी, वर सुतळी. मी विचारलं, बसायला त्रास होत नाही? म्हणाला, टायमदादा, बसाया देवानं दिलंय की, त्याच्यावर आनि काय पायजे?

साधी माणसं. यांना लांब पल्ल्याची कल्पना नसते.

शनिवार, १३ नोव्हेंबर. संकष्टी.

गोदूने एकवीस मोदक केले, उकडीचे. नैवेद्य दाखवला. उकड तांदळाची, म्हणून तिने एकाही मोदकाला हात लावला नाही. सारण मात्र चमचाभर खाल्लं. मी अकरा खाल्ले. उरलेले शेजारी दिले. चंद्र बघून ती भाकरीवर बसली तेव्हा मी म्हटलं, आता माघी फार लांब नाही. म्हणाली, कापूस कसा आहे?

तिचं लक्ष असतं.

रविवार, २१ नोव्हेंबर.

हासोमलने कापूस काढून रबरी स्पंज घातला. मुंबईहून कुठल्या तरी मोटारीच्या सीटचा आणवला म्हणे. मी बसून पाहिलं. गणपती प्रसन्न झाल्यासारखं वाटलं. हासोमलला तसं सांगितलं. म्हणाला, साईं, गणपती को बोलो, अगली बार मोटर मांगो.

परतताना नदीकाठच्या वाटेने आलो. मांजर्लीपाशी ओहोळ ओलांडताना शेवाळावरून पाय घसरला आणि मी पाण्यात बसलो. क्षणभरच. पण स्पंजाने तेवढ्यात निदान दोन तांबे पाणी पिऊन घेतलं. वर सीटवर बसलो की पाणी दोन्ही पायांतून खाली, उठलो की आत हवा, पुन्हा बसलो की आवाज. आवाजाचं इथे लिहीत नाही.

घरी आलो तर ओट्यावर गोदूचा भाऊ रघू आलेला. मी पाहुण्याचा मान म्हणून त्याच्याशेजारी टेकलो. ओटा वाहू लागला. रघू उठून उभा राहिला आणि बहिणीला म्हणाला, आक्का, दाजींना वैद्याला दाखव.

स्पंज रद्द.

रविवार, ५ डिसेंबर.

दोन आठवडे चिंतन केलं. चिंतनाशिवाय केलेला सराव आंधळा असतो. म्हणून या दोन रविवारी सायकलीला मुद्दाम हात लावला नाही.

आणि उत्तर मिळालं. कारखान्यात यंत्राखाली दणके बसू नयेत म्हणून लोकरीचा जाड दाबलेला नमदा घालतात. घोड्याच्या खोगिराखाली असतो तसा. ज्यावर दीड टनाचं यंत्र बारा तास थरथरतं त्यावर मी का बसू नये? स्टोअरकीपरकडून एक जुना तुकडा रीतसर अर्ज करून मागून घेतला. अर्जात कारण लिहिलं, धार्मिक.

आणखी एक. लोकर सोवळ्यात चालते. आमच्या घरात सोवळं फार नाही, तरी पालीला गाभाऱ्याजवळ जायचं तर कापड बदलावं लागेल ही चिंता होती. नमदा म्हणजे शुद्ध लोकर. तेव्हा हीच चड्डी घालून थेट दर्शन घेता येईल का, हे गावातल्या गणपतीच्या गुरवाला विचारलं. त्याने बराच वेळ विचार केला. म्हणाला, चड्डी हा शब्द पोथीत कुठे आला असेल असं वाटत नाही. म्हणजे बंदी नाही.

रविवार, १९ डिसेंबर.

नमद्याची चड्डी तयार. हासोमलच्या मशिनच्या तीन सुया मोडल्या. म्हणाला, साईं, ये पँट नहीं, किल्ला है. वजन सव्वा शेर. एकटी उभी राहते. गोदूने ती कोपऱ्यात उभी पाहिली आणि पदर सावरला. म्हणाली, मला वाटलं कुणी आलंय.

टोचते. लोकर आहे, टोचणारच. कातडीला सवय व्हावी म्हणून घरात रोज तासभर घालून बसायचं ठरवलं आहे. पाटावर बसलं की पाट छोटा वाटतो. जेवताना हात ताटापर्यंत पोचत नाही, इतका उंच बसतो. गोदू ताटाखाली डबा ठेवते.

शनिवार, १ जानेवारी १९५५.

इंग्रजी वर्ष सुरू. पहाटे साडेचारला उठणे. रोज पाच मैल. दर रविवारी पंधरा. चहा एकच. रोज अथर्वशीर्ष.

आज साडेसातला उठलो, पण आज पहिलाच दिवस. रोज पाच मैल म्हणजे महिन्याला दीडशे. पाली पन्नासच आहे. म्हणजे तिप्पट होतात. एवढ्याची गरज नाही. बैठक शेवटच्या दिवसासाठी ताजी ठेवणं जास्त शहाणपणाचं.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत.

रजा मंजूर. सव्वीसला प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, सत्तावीसला गुरुवारी माघी चतुर्थी, त्या दिवसाची किरकोळ रजा. सव्वीसला खोपोलीत मुक्काम, सत्तावीसला दुपारच्या आत पाली. देवानेच कॅलेंडर आखलं आहे.

रघूने शेतातला नवा कोलम आणून दिला. पायलीभर. सकाळी गोदू डब्यापाशी बसली होती. ओंजळीत तांदूळ घेऊन नाकाशी धरला, बराच वेळ. मी विचारलं, पोरकिडे झालेत का? म्हणाली, नाही. आणि झाकण लावलं.

मग चुलीकडे तोंड करून तिने विचारलं, या माघीला जाणार ना? मी म्हटलं, जाणार म्हणजे काय, गेल्यातच जमा. म्हणाली, नवस तुमचा, जीव माझा, भात माझा. एवढं लक्षात असू द्या. यंदा नाही झालं तर मला खरं सांगा. मी हसलो. तीनदा चड्डी शिवून घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न?

मंगळवार, २५ जानेवारी. संध्याकाळी.

सर्व सिद्ध. चेनला तेल, पंप, पंक्चरचं सामान, एरंडेल, नारळ, दुर्वा. चड्डीला हळदकुंकू लावलं. गोदू म्हणाली, देवाला लावायचं ते उरलं तर बघा.

दशम्या करून दिल्या आहेत. चड्डी घालून दोन तास बसलो. काहीही जाणवत नाही. पायही जाणवत नाहीत. पूर्ण यश.

बुधवार, २६ जानेवारी.

पहाटे ५.१०. निघालो. गोदूने ओवाळलं. डोळ्यांत पाणी होतं, धुरामुळे. म्हणाली, सांभाळून, पण जाऊन या. वही सोबत घेतली आहे.

६.२०. तीन मैल. उत्तम. देवाचं नाव घेत आहे. समोरून सुकऱ्या दुधाच्या कॅन घेऊन आला. म्हणाला, टायमदादा, खोगीर बांधून कुठं चाललाव? म्हटलं, पालीला. म्हणाला, मंग घोडं कवा घेनार?

७.३०. वांगणी. नमदा घाम पीत नाही. घाम नमदा आणि मी यांच्या मधे राहतो. लोकर घामात टोचते ती वेगळ्या तऱ्हेने. अथर्वशीर्ष दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा मधेच विसरलो.

८.५०. शेलू. नमद्याची कड. कड असते हे घरात बसून कळलं नव्हतं. ती जांघेत येते, प्रत्येक पायडलला. डावी, उजवी. डावी, उजवी. एरंडेल लावलं. एरंडेलाने नमदा घसरू लागला.

१०.१५. नेरळ. शेलूपासून सगळं अंतर पायडलवर उभं राहून आलो. वेग चांगला होता. शाळेतली मुलं झेंडावंदन करून परतत होती. मी उभा होतो म्हणून त्यांनीही उभं राहून जयहिंद केलं.

११.००. नेरळला मारुतीच्या देवळात विचार केला. नवसाचे शब्द, सायकलीवर बसून. उभं राहून नव्हे. म्हणजे शेलूपासूनचं अंतर नवसात धरता येत नाही. ते धरायचं तर शेलूला परत जाऊन तेवढं अंतर पुन्हा बसून आलं पाहिजे. ते आज शक्य नाही. बसणंच शक्य नाही. अशा स्थितीत पुढे पालीला जाणं म्हणजे देवाच्या डोळ्यांत धूळ फेकणं. ते माझ्याच्याने होणार नाही. प्रामाणिक माणसाने इथूनच परतावं.

मनाला फार शांती वाटली. मारुतीपुढे साष्टांग नमस्कार घातला आणि तसाच पडून राहिलो. पोटावर बरं वाटतं. पुजारी येऊन गेला. बरोबरच्या माणसाला हळूच म्हणाला, भक्ती असावी तर अशी.

४.००. अजून पोटावर. कुणीतरी माझ्यापुढे एक केळं ठेवून गेलं.

गुरुवार, २७ जानेवारी. माघी चतुर्थी. दुपारी ३.

लिहिताना उभा आहे. वही फळीवर ठेवली आहे.

पहाटे नेरळहून निघालो. सायकल हातात धरून बारा मैल चाललो. धोतर नेसलो होतो. नमद्याची चड्डी कॅरिअरला बांधली होती. दोन बैलगाड्या थांबल्या, बसा म्हणाल्या. नाही बसलो. दुसऱ्या वाहनाला शिवणार नाही, हा भाग अक्षरशः पाळला. वाटेत गोदूला काय सांगायचं ते सगळं जुळवलं होतं. नवसाचे शब्द, शेलू, प्रामाणिकपणा. वांगणीपर्यंत ते फार चांगलं जमलं होतं. बदलापूर जवळ आलं तसं त्यातलं एकेक वाक्य गळत गेलं.

बारा वाजून गेले होते. दार उघडं. गोदू स्वयंपाकघरात पाटावर बसली होती आणि भात खात होती.

नुसता भात. वर तूप, बाजूला मीठ. डाळ चुलीवर होती, ती घ्यायलाही थांबली नव्हती. मला पाहून उठली नाही. घास संपवला. मग म्हणाली, या. सकाळी सुकऱ्या दूध घालताना म्हणाला, दादा काल नेरळला मारुतीपुढे पालथे पडलेत, वाडीतला एकजण बघून आला. तेव्हाच समजले.

मी म्हटलं, अगं, नवसाचे शब्द असे होते, की. ती म्हणाली, राहू द्या. मी म्हटलं, पण मग हा भात? नवस फिटला नाही. असा मोडता येत नाही. म्हणाली, मोडला नाही. सकाळी न्हाऊन गावातल्या गणपतीपुढे गेले. त्याला म्हटलं, तू मला उठवलंस, ते तुझं माझं. हे येतील तेव्हा येतील. पण ह्यांच्या बुडावर माझा भात अडकवू नकोस.

मी विचारलं, मग देव काय म्हणाला? म्हणाली, काय म्हणणार. समोर गुरव होता, तो हसला.

आणि तिने दुसरा भात वाढून घेतला. बोटांनी हळू कालवला. खाताना एकदा डोळे मिटले. मी दारातच उभा. दोन वर्षं पाच महिने झाले. रोज माझा भात तिनेच शिजवला, शीत चेपून तिनेच पाहिलं, आणि हात धुऊन भाकरी घेतली. गेले साडेतीन महिने माझ्या बैठकीचा मी रोज विचार केला. वहीत पानंच्या पानं आहेत. आत्ता मागे उलटून पाहिली.

मी म्हटलं, कोलम चांगला आहे? म्हणाली, मोकळा झालाय. तुम्हाला वाढते. बसा.

मी म्हटलं, बसत नाही.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की ठसका लागला. मी पाणी दिलं. उठली, ओट्यावरून सायकल आत घेतली, स्वयंपाकघराच्या दारात स्टँडवर लावली आणि सीटवर माझं ताट ठेवलं. ताट डुगडुगू लागलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, कॅरिअरची चड्डी सोडली, घडी घालून ताटाखाली सारली.

दोनदा भात घेतला. ताट हललं नाही.